खोडायचं काम तिचं

सध्या माझ्या चित्राच्या फळीवर एक म्हैस अर्धी उभी आहे. शिंगं, पुढचे पाय आणि एक डोळा झालाय. मागचं धड अजून कागदातच आहे. तिच्या पाठीमागं महाळुंग्याकडं उठलेल्या त्या उंच इमारती काढायच्यात, आणि खिडक्या काढायचा मला मनापासून कंटाळा. म्हशीचं एक बरं असतं, तिला खिडक्या नसतात.

या गोष्टीत कुणी बोलत नाही. म्हैस नाही, म्हातारी नाही, वॉचमन नाही. चित्रकथेत माणूस बोलला की त्याच्या डोक्यावर एक फुगा काढतात आणि त्यात शब्द लिहितात. माझ्या या गोष्टीत फुगेच नाहीत. संपादकबाई विचारतात का नाहीत, म्हणून लिहायला बसलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वाकडं लिहिलं असेल तर त्यांनी सरळ करावं, पण लई सरळ करू नये.

माझा धंदा पाट्या रंगवायचा. पौडला एसटी स्टँडच्या समोर पत्र्याची खोली होती. रसवंती, सलून, पिठाची गिरणी, टेम्पोची पाठ, ग्रामपंचायतीच्या भिंती, काय म्हणाल ते रंगवलं. पुढं रस्त्याकडेला प्लॉटचे बोर्ड लागायला लागले, तेही मीच रंगवले. ज्या माळावर लहानपणी गुरं राखली, त्याच माळाचे बोर्ड रंगवताना वाईट वाटलं का, असं एक पत्रकार पोरगी विचारत होती. नाही वाटलं. रंग वाळायच्या आत धूळ बसू नये, एवढंच डोक्यात असायचं. मग फ्लेक्स आले आणि तेही काम गेलं.

चित्रकथेचं खूळ अठ्ठ्याण्णव सालचं. एका शाळेच्या भिंतीवर मी एक म्हातारी आणि तिची म्हैस काढली होती. काढायला सांगितला होता मोर, पण मोर मला जमत नाही. पुण्याहून लहान मुलांच्या मासिकाच्या संपादकबाई तिथं बक्षीस समारंभाला आल्या होत्या. भाषणं सोडून त्या भिंतीपाशीच उभ्या. म्हणाल्या, "ह्या दोघींची गोष्ट काढाल का आमच्यासाठी?"

मी काढली. चित्रं आवडली त्यांना. फुग्यातले शब्द वाचले आणि हसायलाच लागल्या.

"अहो, तुमचं अक्षर सुरेख आहे, पण ते बोर्डाचं आहे. ही म्हातारी बोलत नाहीये, रसवंतीची जाहिरात करतेय."

घरी येऊन मंडळीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "खरंच हाय त्यांचं. आणि ती म्हातारी असं पुस्तकातलं कशाला बोलंल? म्हशीला कुणी 'इकडे ये' म्हणतं व्हय?"

"मग काय म्हणतं?"

"'अगं ए बाईसाहेब, हितं मी मरतीया आन तुमी तितं चरताय!' असं म्हणतं."

हात धुऊन, पदराला पुसून ती बसली आणि पेन्सिलीनं लिहिलं. ती सातवी पास. अक्षर गोल, जरा डावीकडं कललेलं, बोलताना मान कलते तसं. त्या दिवसापासून शब्द तिचे झाले.

पहिल्यांदा आम्ही उलटं केलं. मी चित्र काढलं, मग तिनं फुगा काढला. म्हातारीला एवढं बोलायचं होतं की फुगा म्हशीच्या तोंडावर आला. गोष्ट तशीच छापून गेली. पोरांची पत्रं आली, म्हैस कुठं गेली म्हणून. तेव्हापासून घरात नियम झाला, आधी शब्द, मग चित्र. मी कागदावर चौकटी आखून द्यायच्या. ती प्रत्येक चौकटीच्या वरच्या अंगाला पेन्सिलीनं बोलणं लिहायची, भोवती फुगा काढायची. खाली जी जागा उरेल त्यात माझी माणसं.

यावरून रोज भांडण.

"अगं, एवढा फुगा? मी म्हातारी कुटं उभी करू, फुग्याच्या डोक्यावर?"

"बसवा तिला. दिवसभर म्हशीमागं फिरतीया, पाय दुखत असतील."

"तुझी माणसं लई बडबड करत्यात."

"तुमची मुकी हायेत म्हणून करत्यात."

म्हातारी बसवायला लागलो. वाचकांना वाटायचं, म्हातारी निवांत बसते ही चित्रकाराची खुबी. कसली खुबी, जागाच नव्हती.

सगळी पानं पेन्सिलीत झाली की मी शाई घ्यायचो. चित्रावर शाई मी फिरवायची आणि तिच्या अक्षरांवरही मीच, टाकानं, तिच्या रेघेवरून जरासुद्धा न सुटता. शाई वाळली की खालची पेन्सिल खोडायची. हे काम तिचं. तांदूळ निवडून झाले की दारात पाय पसरून बसायची, मांडीवर फळी, आणि पानामागून पान खोडरबर फिरवायची. चुरा झाडायला कोंबडीचं एक पांढरं पीस ठेवलं होतं. खोडून झालं की म्हणायची, "घ्या, झालं माझं." पेन्सिल गेली की पान कसं लख्ख दिसायचं. दहा वर्षं हेच चाललं. तिनं आपल्या हातानं लिहिलं आणि आपल्याच हातानं खोडलं. माझ्या घरात तिच्या अक्षराचा एक कागद शिल्लक नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. माणूस समोर असल्यावर त्याचं अक्षर कोण जपून ठेवतो?

मग ती आजारी पडली. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं होतं, ते मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. तेव्हा आमची एक गोष्ट चालू होती. म्हातारीची म्हैस आपल्या जुन्या चरायच्या माळावर जाते, तर तिथं आता बंगला. म्हैस बंगल्यापुढचं हिरवंगार लॉन चरून टाकते. बंगल्यातली बाई आणि म्हातारी यांचं कडाक्याचं भांडण होतं आणि शेवटी बाई लाजत लाजत खरवसाची चौकशी करते. अर्धी गोष्ट तिनं दारात बसून लिहिली, अर्धी खाटेवर पडून. शेवटचं पान लिहिताना फळी मी धरली होती. शेवटच्या चौकटीत म्हातारी म्हशीला म्हणते, "चला बाईसाहेब, उशीर झाला." ते लिहून पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ह्या खेपेला फुगा बारका काढलाय. आता उभी करा म्हातारी."

भात झोडून झालं आणि ती गेली.

तेरावं झालं. पाहुण्यांनी तिच्या साड्या वाटून घेतल्या, भांडी मुलीनं आवरली. ती पानं माझ्या गादीखाली होती. मी चित्रं पेन्सिलीत पुरी केली. शेवटच्या चौकटीत म्हातारी उभी केली. त्यात अडचण आली नाही, हात आपोआप चालतो. शाईची बाटली उघडली आणि तिथं अडलो. शाई फिरवायची म्हणजे पुढं खोडायचं आलं. तिच्या हातची जगात उरलेली अक्षरं तेवढीच, आणि ती मी पुसून टाकायची.

बाटलीचं बूच लावलं.

संपादकबाईंचा फोन यायचा. पहिल्यांदा त्यांनी गोष्टीचं नाव काढलं नाही, नुसतं बोलल्या. मग दिवाळी अंक जवळ आला. "घाई नाही," म्हणाल्या, "पण ती शेवटची गोष्ट मुलांना वाचायला मिळावी असं मला फार वाटतं." मलाही वाटत होतं. तिनं खाटेवर पडून लिहिलं ते गादीखाली ठेवायला लिहिलं नव्हतं. पण हात पुढं जाईना.

माझी मुलगी घोटावड्याला दिली आहे. तिथल्याच एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला जाते. एक दिवस सुट्टीची आली, गादी उन्हात टाकायला उचलली आणि पानं बघितली.

"आबा, हे अजून हितंच?"

"असू दे."

"असू दे काय? झेरॉक्स काढा आन आईचं ठेवा जपून."

तहसील कचेरीपाशी झेरॉक्सवाला बसतो. दिवसभर सातबारे काढतो. त्यानं पान बघितलं, म्हणाला, "काका, पेन्सिल हाय, फिकट येनार." तशीच आली. कुठं काना गेला, कुठं वेलांटी गेली, म्हातारी बोबडी बोलायला लागली. त्यानं मशीन गडद केलं तर कागद सगळा राखेच्या रंगाचा झाला.

मग मुलगी म्हणाली, नव्या कागदावर उतरवून घ्या. म्हणून काच मांडली, खाली दिवा लावला, वर कोरा कागद ठेवून अक्षरं उतरवायला लागलो. एक पान झालं. लांब धरून बघितलं. काचेवरून उतरवताना माझा हात आपल्याच वळणावर गेला होता. म्हातारी परत रसवंतीची जाहिरात करत होती. फाडून चुलीत घातलं.

मुलगी चहा करत होती. ती आईवर गेली आहे, आडपडदा नाही.

"आबा, एक सांगा. ठेवून काय करनार हायसा त्याचं?"

"बघीन कधीमधी."

"गादीखाली? पावसाळ्यात कसर लागंल, न्हाईतर उंदीर खातील. आईचं बोलणं उंदरांनी खाल्ल्यालं चालंल तुमाला?"

"आन मी खोडलेलं चालंल व्हय?"

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. मग हळूच म्हणाली, "खोडाच असं म्हनलं कोन तुमाला?"

चहा गार झाला. मी शाईची बाटली काढली.

आधी चित्रं केली, मग अक्षरं. तिच्या रेघेवरून टाक फिरवताना कळत होतं, इथं तिनं पेन्सिल दाबलीय, इथं हात हलका पडलाय. भांडणाच्या पानावर अक्षरं ठसठशीत. बंगल्यातल्या बाईला म्हातारी "तुमचं गवात हाय तर त्याला तुमचं नाव लिवा की" म्हणते, तिथं तर कागदाला वळ उठलेत. शेवटच्या पानावर ओळ खाली घसरत गेली होती. एरवी अशी ओळ मी शाईत सरळ करायचो आणि ती ओरडायची. या वेळी घसरू दिली. काही ठिकाणी टाक रेघेच्या जरा आत राहिला, बाहेर पेन्सिल दिसत राहिली. मुद्दाम केलं की हात चुकला ते मलाही सांगता येणार नाही.

खोडरबर खणात होतं. पीसही तिथंच होतं. खण उघडला नाही.

दोन प्लायवूडच्या मध्ये पानं बांधली आणि एसटीनं पुण्याला गेलो. बाईंनी चष्मा लावला. एकेक पान बघितलं. लॉनच्या पानावर हसल्या. नंतर पान उजेडात धरून म्हणाल्या, "अहो, पेन्सिल खोडायची राहिलीय."

"राहिली न्हाई. ठेवलीय."

"छपाईत दिसेल हो ती. अक्षरांना सावली येईल."

"येऊ द्या."

"पानं खराब दिसतील."

"बाई," मी म्हणालो, "खोडायचं काम आमच्यात मी कधी केलेलं न्हाई. ते तिचं काम. ती हाय का आता? न्हाई. मग ऱ्हायलं ते काम."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटचं पान खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवलं. म्हणाल्या, "छापून झाल्यावर मूळ पानं परत देते. मीच घेऊन येईन पौडला."

अंक निघाला. अक्षरांच्या कडेला खरंच बारीक करडी सावली आली होती. बघणाऱ्याला वाटावं, शब्द दोनदा बोललेत. पौडच्या शाळेतले एक मास्तर स्टँडवर भेटले. "गोष्ट झकास," म्हणाले, "पण छपाई दुहेरी झालीय, तक्रार करा तुम्ही." मी म्हटलं, करतो.

मूळ पानं बाईंनी आणून दिली. मुलीनं ती कारखान्यातून आणलेल्या जाड प्लास्टिकात घातली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. उंदरांचा प्रश्न मिटला. मी ती पेटी फारशी उघडत नाही.

तर आता ही म्हैस. या वेळी ती रस्ता चुकून महाळुंग्याच्या इमारतींमध्ये जाते आणि म्हातारी तिला शोधते. बाई म्हणाल्या, शब्द आम्ही इथं कुणाकडून तरी लिहून घेऊ. मी नको म्हटलं. म्हातारी शोधतेय, शोधताना कशाला बोलायला पाहिजे? आता पेन्सिल मलाच खोडावी लागते, तेव्हा दारातच बसतो. चुरा पिसानंच झाडतो. नुसती चित्रं खोडायला काही वाटत नाही.

पहिली चार पानं मागच्या आठवड्यात दाखवली. बाईंनी बराच वेळ बघितली.

"छान आहे. पण प्रत्येक चौकटीत वरची एवढी जागा रिकामी का? आणि महाळुंग्यात इतक्या बुटक्या इमारती कुठे पाहिल्यात तुम्ही? दोन मजल्यांच्या वर एक नाही!"

मी बघितलं. खरंच होतं. सगळं माझं खालच्या अंगाला गोळा झालेलं. म्हैस खाली, म्हातारी बसलेली, इमारती म्हशीच्या शिंगापर्यंत येऊन थांबलेल्या. वर नुसता पांढरा कागद.

"वर घ्या की जरा," बाई म्हणाल्या.

"न्हाई जमायचं," मी म्हणालो. "ती जागा माझी न्हाई."

त्यांनी पानं परत माझ्याकडं सरकवली. इमारती बुटक्याच राहणार आहेत. खिडक्या कमी काढाव्या लागतील, हाही एक फायदाच.