जुन्या वेलींची बाटली

"काल राती पांघरूण लागलं का?"

हिवाळा लागला की रोज सकाळी हा प्रश्न आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू यायचा. समोरच्या फ्लॅटमधले अण्णा गॅलरीतून नाशिककडच्या आपल्या गावी, धाकट्या भावाला फोन करत. खुशाली नंतर, आधी पांघरूण. हृदयाच्या दुखण्यामुळे लेकीनं त्यांना पनवेलला आणलं होतं. जीव मात्र गावाकडच्या द्राक्षबागेत.

एकदा त्यांनी हेच करंजाहून येणाऱ्या मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, "नाय हो अण्णा, आमाला पंख्याखाली घाम फुटतोय." अण्णांनी पनवेलची मनापासून कीव केली.

बाग पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची. त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं लावलेली. बायको गेली, वेली म्हाताऱ्या झाल्या. गावाजवळची एक छोटी वायनरी त्यांचा माल वेगळ्या टाकीत ठेवायची आणि पावसाळ्यात एक खोकं घरी धाडायची. मग गॅलरीत आम्ही दोघं, तळलेली मांदेली आणि "बाबा, दोनच घोट" म्हणत दारात उभी लेक, अशी मैफल जमे.

मला ती वाइन बिनसाखरेच्या सरबतासारखी लागायची. अण्णा चिडत नसत, शिकवत. दिवसाचं ऊन द्राक्षात साखर भरतं, रात्रीची थंडी आंबटपणा राखते. थंडी लवकर हटली की वाइन नुसती गोडसर, मरगळलेली. "आन् जुन्या वेलीला घड थोडे, पण मुळं पार खोल. तरण्या वेलीची वाइन पेरूसारखी घमघमते आणि लगेच विरते. जुनीची चव गिळल्यावर सुरू होते." खरंच, पाच मिनिटांनीही जिभेवर काहीतरी खारट रेंगाळत असायचं. तेवढं मलाही कळायला लागलं होतं.

भावाला त्या वेली उपटायच्या होत्या. पीक निम्म्यावर आलं होतं, त्याचंही काही चुकत नव्हतं. अण्णांनी एवढंच मागितलं होतं, "मी हाये तोवर राहू दे. लावताना ती होती सोबत."

पुढचा हिवाळा चांगलाच लांबला. भाऊ रोज सांगे, दोन-दोन पांघरुणं लागली. अण्णा लहान मुलासारखे खुशीत. "यंदाची दात आंबवणार बघा."

पावसाळ्यात बाटली आली. लेकीनं स्वतः उघडली आणि तिथंच उभी राहिली. अण्णांनी वास घेतला, घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला. मग म्हणाले, "झकास झालीय गं. तुझ्या आईच्या वेली त्या."

ती मांदेली तळायला आत गेली. अण्णांनी ग्लास खाली ठेवला.

"ह्या माझ्या वेली नव्हत," ते हळूच म्हणाले. "थंडी यंदाचीच हाये, आंबटपणा बरोबर हाये. पण तोंडात आली आन् गेली. माझ्या वेली काढल्यात त्यांनी."

मीही घोट घेतला होता. जिभेवर काहीच उरलं नव्हतं.

"पोरीला कळू देऊ नका. लई जड गेलं असंल तिला ही बाटली आणताना."

लेक बाहेर आली तेव्हा त्यांनी ग्लास संपवून पुढे केला होता. "आणखी दे थोडी." तुम्ही माणसं पुष्कळ पाहिली असतील. मी मात्र आपलं सर्वस्व गेल्याचं कळल्यावर असं हसून दुसरा ग्लास मागणारा माणूस पुन्हा पाहिला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातही त्यांनी फोन सोडला नाही. नसलेल्या बागेसाठी ते थंडीची चौकशी करत आणि भाऊ बिचारा उत्तर देई. मला ते ऐकवत नसे.

माघात अण्णा गेले. तेरावं झाल्यावर लेक माझ्याकडे आली, खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, वेली कधीच काढल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. ती बाटली मी वायनरीतून दुसऱ्याच बागेची आणली होती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबांना कळलं नाही ना हो?"

"नाही गं," मी म्हणालो. "शेवटपर्यंत नाही."

तेव्हा कुठे ती मोकळेपणी रडली.