सानियाच्या डब्याचं झाकण

मंडळी, आज दुपारचं अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

अंबाजोगाईजवळच्या विशेष मुलांच्या शाळेत शिक्षिका म्हणून माझा हा पहिलाच आठवडा. नऊ वर्षांच्या सानियाची बोटं आखडलेली असतात, त्यामुळे रोज तिचा डबा मीच उघडून देत होते. आज कदमबाईंनी अडवलं. वीस वर्षं त्या याच कामात आहेत आणि मला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे.

"हात मागं बांध आन् नुसती बस. लई घाई हाय तुला."

बसले. झाकणावरून बोटं निसटत होती, डबा सरकत होता. बाकीची पोरं जेवून हातसुद्धा धुऊन आली. मला रडू येत होतं, आणि बाईंचा रागही.

मग टक् झालं. झाकण निघालं!

मी भाकरी मोडून द्यायला पुढे झाले, तर सानियाने झाकण परत दाबून बसवलं. आणि पुन्हा उघडायला घेतलं. पोटात भूक असताना! मी बघतच राहिले.

बाई हळूच म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मीबी सगळ्यांचे डबे उघडून देत होते."

चार दिवस मी हा आनंद तिच्या हातातून काढून घेत होते आणि त्याला मदत म्हणत होते.

तुम्ही अजून कुणाचा डबा उघडून देताय?