रक्त बंद, सर

पासष्टच्या लढाईआधीच्या उन्हाळ्यात आमच्या फील्ड ॲम्ब्युलन्सला, म्हणजे लष्कराच्या फिरत्या दवाखान्याला, नागपूरहून नगरला हलण्याचा हुकूम आला. मी नर्सिंग असिस्टंट होतो, गाव खामगाव. माझ्याबरोबर नाईक सखाराम कायंदे होता, देऊळगाव राजाचा. आम्ही एकाच दिवशी भरती झालो. बढतीची फीत त्याला आधी मिळाली. पुण्याच्या कोर्सलाही तोच गेला. आमच्या डॉक्टर कॅप्टनसाहेबांच्या तोंडी दिवसभर 'कायंदे, कायंदे'. मला ते सलायचं.

कॉन्व्हॉय, आमच्या गाड्यांचा ताफा, चिखलीमार्गे देऊळगाव राजावरून जाणार होता. कायंदेने आईला कळवून ठेवलं होतं. ती रस्त्यावर येऊन उभी राहणार होती.

खामगावच्या अलीकडे आमचा एक ट्रक उलटला. ड्रायव्हर गजानन संग्रामपूरकडचा. त्याची मांडी फाटली होती, रक्त थांबत नव्हतं. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे रक्ताचा साठा नव्हता. गजाननच्या गळ्यातल्या ओळखपट्टीवर बी गट होता. बी गटाच्या एका शिपायाचं रक्त काढलं. जुळवून पाहायला वेळ नव्हता. बाटली लावली. साहेब जखम शिवू लागले.

थोडंच रक्त आत गेलं होतं. मी नाडी धरून होतो. बाहेर ऊन तापलेलं, आणि गजानन कुडकुडायला लागला.

"थंडी वाजून राह्यली, दादा. कंबर फुटून राह्यली."

"छातीत कसं वाटतं?"

"दाटून आलं. मी काही वाचत नाही आता."

नाडी धावत होती. मी ओरडलो, "साहेब, रिॲक्शन!"

कायंदे बाटलीपाशी होता. साहेब मान वर करेपर्यंत त्याने नळीला चिमटा लावला.

"रक्त बंद, सर."

"सुई काढू नकोस. नळी बदल. सलाईन."

"येस सर. बाटली तपासायला ठेवतो."

ब्लडप्रेशर उतरत गेलं. साहेबांनी इंजेक्शनं दिली, लघवीची नळी घातली. लघवी आली ती कोऱ्या चहासारखी. आत रक्ताच्या पेशी फुटत होत्या. आता मूत्रपिंडं टिकली तर माणूस टिकणार. गट पुन्हा तपासला. गजाननचा गट ओ निघाला. पट्टीवर चुकीचा ठोकला होता.

"शाबास, कायंदे," साहेब म्हणाले.

आधी ओळखलं मी होतं.

कॉन्व्हॉय थांबवता येत नव्हता. लघवी मोजायला, सलाईन सांभाळायला एक जण मागे हवा होता.

"मी थांबतो, सर," मी पुढे होऊन म्हणालो.

"नाही. कायंदे थांबेल."

कायंदे मला बाहेर भेटला. "माय उभी असन. तिले समजावून सांगजो."

देऊळगाव राजाला म्हातारी खरंच रस्त्याच्या कडेला उभी होती. हातात भाकरीचं गाठोडं. मी खाली उतरलो.

"माहा सखाराम कुठी हाये, बाबू?"

"एका जखमीपाशी आहे, माय. साहेबांनी मुद्दाम त्यालाच ठेवलं."

तिचा चेहरा उजळला. गाठोडं तिने माझ्या हातात दिलं. त्या उजळण्याचाही मला हेवा वाटला.

गजाननची लघवी हळूहळू स्वच्छ झाली. तो वाचला. कायंदे रेल्वेने थेट युनिटला येऊन मिळाला. रजा बंद झाल्या होत्या, आईला भेटणं राहूनच गेलं. मग लढाईत, पंजाबच्या आघाडीवर, उसाच्या शेताकडेला पडलेल्या एका जवानाला आणायला तो पुढे गेला. तोफगोळा जवळच पडला. स्ट्रेचर घेऊन मी मागून पोचलो, तेव्हा कायंदेची नाडी लागत नव्हती. त्याला मीच मागे आणलं.

लढाईनंतर गजाननला मुलगा झाला. बारशाला त्याने कायंदेच्या आईला स्वतः जाऊन आणलं. मलाही बोलावणं होतं. मुलाचं नाव सखाराम ठेवलं. खरं सांगतो, त्या घटकेलाही माझ्या मनात आलं, माझं नाव का नाही?

मग म्हातारी पाळण्यावर वाकली आणि तिने त्या नावाने हाक मारली. एकदाच. मी भिंतीपाशी उभा होतो. माझ्या टाचा आपोआप सावधानमध्ये जुळल्या.