काकीनू, दोन वर्सां मरू नकात

वडील चळवळीची पत्रकं छापायचे, आई ती बाजारात वाटायची आणि मी उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून वाढले. त्यामुळे छापील कागद दिसला की आधी खालचं बारीक अक्षर वाचायचं, ही माझी खोड.

तारकर्लीला आतेच्या घरापुढच्या खळ्यात विमा एजंट आला तेव्हा मी तिथेच होते. त्याच्या माहितीपत्रकावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं किनाऱ्यावर हसत पळत होतं. आमच्या किनाऱ्यावर त्या वयाची माणसं गुडघे धरून चालतात. विमा उतरवल्यावर बहुधा पळू लागत असावीत.

आते सदुसष्ट वर्षांची, विधवा. चार खोल्यांत पर्यटक ठेवते, त्यांना जेवू घालते. तिची मुलगी जन्मापासून ऐकू-बोलू शकत नाही. "माज्या मागसून चेडवाक कोण बगतला?" एवढाच आतेचा प्रश्न होता.

"वैद्यकीय तपासणी नाय, काकीनू. फकत सही."

मी बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. पहिल्या दोन वर्षांत नैसर्गिक मृत्यू आला तर भरलेले हप्ते परत, विम्याची रक्कम नाही.

"म्हणजे काय रे?" आतेने विचारलं.

"म्हणजे काकीनू, दोन वर्सां मरू नकात. मगे काय चिंता नाय."

"तुज्या सायबाक विचारून मरान हां, मेल्या."

फॉर्मवर आजाराचा रकाना होता. आते रोज सकाळी साखरेची गोळी घेते. एजंटने 'नाही'वर खूण केली. मी भाषणच ठोकलं, की खोटं लिहिलंत तर उद्या पैसे नाकारायला कंपनीला हेच कारण पुरेल.

"बाय, तू पेपरात लिही. फॉर्म माका लिहूक दी."

दोन दिवसांनी कंपनीचा पडताळणीचा फोन आला. एजंट समोर बसून मानेने नाही-नाही करत होता. पलीकडची बाई शुद्ध मराठीत म्हणाली, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. झालं! आतेने डोक्यावर पदर घेतला, देवळात गाऱ्हाणं घालताना घेते तसा, आणि सगळं सांगितलं. साखर, गुडघे, मोतीबिंदू, शिमग्यात आलेली चक्कर. बाईने फक्त आजार विचारले होते. आतेने जावेची वागणूकही सांगितली.

पॉलिसी आली नाही. तत्त्वाचा विजय झाला आणि मला तो साजरा करता येईना.

"खरा सांगून झाला," आते म्हणाली. "आता चेडवाचा काय? तुज्या पत्रकात आसा काय?"

नव्हतं. आमच्या पत्रकांत कंपन्यांचा धिक्कार असतो. एका मुलीच्या उद्याच्या जेवणाबद्दल त्यात काही नसतं.

उपाय आतेनेच काढला. मरणाची वाट न बघता खोल्यांचा परवाना मुलीच्या नावावर केला आणि तिलाच गल्ल्यावर बसवलं. गिऱ्हाईक मासळीकडे बोट दाखवतं, ती पाटीवरच्या भावाकडे.

एजंटही जेवायला येतो. परवा त्याने सुरमईकडे बोट दाखवलं आणि भाव कमी करायची खूण केली. तिने मानेने नाही-नाही केलं. ती खूण त्याला चांगली समजते.