विहीणबाईंची फारसी

तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईला फारसी काय जड जाणार, असं मला वाटलं होतं. मुलानं जर्मनीत इराणमधल्या शिराझच्या मुलीशी लग्न केलं आणि दर शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई दिसू लागल्या. त्यांना फारसीशिवाय काही येत नाही. म्हटलं, आपणच शिकू.

सुरुवात बरी झाली. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'तो' आणि 'ती' दोघांना मिळून एकच सर्वनाम. आपल्या 'ला'च्या जागी 'रा'. मी खूश होऊन आमच्या धारवाडजवळच्या नवनगरातल्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. मग विशेषण नामाच्या मागून यायला लागलं, मध्ये 'ए'चं ठिगळ, म्हणजे आपण 'घर-ए-मोठं' म्हणावं तसं. तेही सोसलं. पण पाठ केलेलं 'हाल-ए-शोमा चेतोर अस्त', म्हणजे कशा आहात, सुनेला ऐकवलं, तर ती इंग्रजीत म्हणाली, अगदी बरोबर आहे, फक्त असं कोणी बोलत नाही. बोलताना म्हणे 'हालेतून चेतोरे'. मग पुस्तक छापलं कशाला? चरफडत मी वही पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

दहा वाक्यं निर्दोष येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. वर्गात कुणाचं अर्धवट वाक्य चालवून घेतलं नाही, ते स्वतःचं कसं घेऊ? त्यामुळे शुक्रवारी मी नमस्कार करायची आणि बाजूला सरकून बसायची.

आमच्या ह्यांना असला काही विधिनिषेध नाही. फोनसमोर ताट धरायचं आणि सरळ धारवाडी कानडीत विचारायचं, "ऊटा आत री?" जेवण झालं का, एवढंच. विहीणबाई हसून आपलं ताट दाखवायच्या. ना कर्ता, ना कर्म, आणि ह्यांच्या गप्पा अर्धा अर्धा तास. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

असं वर्ष गेलं. मग एकदा मुलाचा एकट्याचाच फोन आला.

"आई, हिच्या आई दर वेळी हिला विचारतात, तुझ्या सासूला हे लग्न अजून पटलेलं नाही का?"

मला माझाच संताप आला. शुक्रवारची वाट न बघता, वही न उघडता मीच त्यांना फोन लावला. कशा आहात, एवढंच विचारायचं होतं, त्यातही क्रियापद चुकलं. चुकलं ते बोलतानाच कळलं आणि मी तशीच पुढे गेले. विहीणबाई बोलायला लागल्या, भरभर, मधूनमधून डोळे पुसत, चांगली वीस मिनिटं. मी एकदाही थांबवलं नाही. सगळ्यातला एकच शब्द मला कळला, तनहा. एकटी. यजमान गेलेले, एकुलती एक लेक परदेशात, एवढं मला मुलाकडून माहीत होतं. हे एकटेपण त्यांनी मला वर्षभरापूर्वीच सांगितलं असतं, मी नुसतं तोंड उघडायला हवं होतं.