आत्याचा वानवळा

दत्ताचा फोन आला तेव्हा मी सकाळचा डबा भरत होते. "ताई, आई गेली गं..." एवढंच तो बोलला. कौसाआत्याची किडनी निकामी झाल्यापासून हा फोन कधीतरी येणार हे ठाऊक होतं, तरी डब्याचं झाकण काही केल्या लागेना. त्याला आता दीड महिना होत आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नागापूरच्या कारखान्यांच्या खालच्या अंगाला तिचं शेत, आणि शेताच्या कडेने नाला. पूर्वी त्यात पोरं खेकडे धरायची म्हणे. मी पाहिला तेव्हापासून तो कधी तांबूस, कधी काळपट, आणि कायम नाकाला पदर लावायला लावणारा. पण उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की त्याच पाण्यावर मोटर चालायची, आणि भाजी अशी तरारायची की बघत राहावं. आत्याला त्याचा कोण अभिमान! नगरच्या बाजाराला येणारा टेम्पो आमच्या दारात थांबायचा आणि कापडी पिशवी उतरवून जायचा. पालक, मेथी, कोथिंबीर... शेतातला वानवळा. त्यासाठी ती मुद्दाम नाल्याला लागून असलेल्या वाफ्यातली भाजी काढायची, कारण तीच सगळ्यात हिरवीगार. विकायला दुसरी, आपल्या माणसांना ही. पिशवी रिकामी परत गेलेली मात्र तिला खपायची नाही. मी चिवडा नाहीतर शंकरपाळी घालून पाठवायचे. "मूठभर चिवडा घालती, शहरात जाऊन लई चिकट झाली," असं म्हणत ती तोही शेजारीपाजारी वाटून टाकायची.

मग तिचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी पाणी कुठलं, भाजी कुठली असं खोदून विचारलं, म्हणून दत्ताने शेतातला पालक तपासून आणला. त्यात शिसं आणि कॅडमियम निघालं, खाऊ नये इतकं. किडनी त्यानेच गेली, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात. आत्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतंच. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजी मी निवडून निवडून तुमाला हेच घातलं व्हय?" आणि माझ्या मुलीचं नाव घेऊन ढसाढसा रडली. "पोरीला पालकाच्या वरनावर वाढवली गं मी..." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

घरी गेल्यावर तिने उभ्या भाजीवर नांगर फिरवायला लावला. शेजारचे शेतकरी बांधावर जमले. "काकू, तुमी गप ऱ्हावा. बोभाटा झाला तर आमच्या जुडीला कुत्रं इचारायचं न्हाई."

"ऱ्हाते गप," आत्या म्हणाली. "पन ती जुडी तुमी तुमच्या नातवाला चारता का, तेवढं सांगा."

बांधावरची माणसं एकेक करून पांगली. त्यांच्या मोटरी चालूच राहिल्या. मला त्यांचा संताप येतो. पण नाल्यात ते पाणी त्यांनी सोडलेलं नाही, आणि ज्यांनी सोडलं ते त्या बांधावर कधी फिरकलेही नाहीत.

शेवटच्या दिवसांत डायलिसिस उरकून ती आमच्याकडे टेकायची. एकदा आली तर हातात पुन्हा तीच पिशवी, आणि पिशवीत पालक. माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "भिऊ नगं, आपल्यातला न्हाई. मार्केटातून इकत घेतलाय." उभा जन्म भाजी पिकवलेली बाई वानवळा विकत घेऊन आली होती. मी तो पालक शिजवला. दोघी जेवलो.

ती पिशवी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला अडकवलेली आहे. परवा दत्ताकडे जायचं होतं. पिशवी रिकामी कशी न्यायची, म्हणून ती घेऊन बाजारात गेले. एका बाईपुढे पालकाच्या जुड्या होत्या, मोठ्या पानांच्या, हिरव्यागार. कुठला पालक, मी विचारलं.

"इथलाच की ताई, नागापूरकडचा. बगा तरी, कसा तरारलाय!"

मी पिशवीची घडी घातली आणि घरी आले. दत्ताकडे अजून गेलेले नाही.