टेपचं दुसरं टोक

वरच्या घरात नुकतीच राहायला आलेली एरिनी पहिल्यांदा माझ्या दुकानात आली ती टेप मागायला. मी ब्रेमेनमध्ये कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. आमच्या इमारतीच्या तळाशी, जिन्याला लागूनच. मी मूळची स्पेनची, पण इथे इतकी वर्षं झालीत की आता मला स्वप्नंसुद्धा जर्मन पडतात, आणि त्यात सगळे वेळेवर येतात.

"बाई, तुमच्याकडे टेप असेल ना? मला ओटा मापायचाय," ती म्हणाली.

"ओटा आहे कुठे वर?"

"तोच तर नाहीये!"

इथे जर्मनीत भाड्याचं घर म्हणजे नुसत्या भिंती. जुना भाडेकरू जाताना ओटा, कपाटं, शेगडी, सगळं खोलून घेऊन जातो. एरिनी वोलोस नावाच्या ग्रीक गावाहून आलेली, तिला हे ऐकूनच धक्का बसला होता. वर गेले तर भिंतीतून पाण्याची दोन नळकांडी बाहेर आलेली आणि जमिनीवर दोन चकत्यांची विजेची शेगडी. तिच्यावर अंडी उकळत होती.

"नवरा कुठाय?" मी विचारलं.

"नवरा नाही, जोडीदार. गेथिन. सायकलवर गेलाय. तो म्हणतो ओटा कशाला, दोन वर्षांत दुसरीकडे जाऊ. ही शेगडी पुरे."

गेथिन वेल्सचा. समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती तपासायचं काम. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला शिव्या देणार आहे. मी टेपचं एक टोक धरलं, तिने दुसरं. छप्पर उतरतं तिथे भिंत तिरकी होती, म्हणून तिने ओट्याचा कोपरा तिरका कापून घेतला. सगळा खर्च तिच्या पगारातून. तो ओटा त्या भिंतीला असा चपखल बसला की दुसऱ्या कुठल्याही घरात तो बसणं शक्यच नव्हतं. हे मी तिला म्हणालेसुद्धा.

"मग नाही न्यायचा," ती म्हणाली. केवढी खूश होती!

एरिनीचं सगळं आयुष्य भाड्याच्या घरांत गेलेलं. तिच्या आईचे चांगले कप कायम खोक्यातच असायचे, मालक कधी जा म्हणेल याचा नेम नाही म्हणून. इथे ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात सोन्यासारखा. पण भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी आधी मालकिणीला, हार्म्सबाईंना विचारून यायची. हार्म्सबाई वैतागायच्या. "अगं, खिळा ठोकतेयस की भिंत पाडतेयस? ठोक की!"

दोन वर्षांची सहा झाली. गेथिन कुठेही गेला नाही आणि राहिलाही नाही. सायकलचं मूळ खोकं कपाटामागे घडी करून ठेवलेलं. जर्मन शिकायचं नाव नाही. ऑफिसात इंग्रजी, घरात इंग्रजी, आणि बाकी दुनियेशी बोलायला एरिनी. वीजवाले, डॉक्टर, केस कापणारा, सगळीकडे ही. मी म्हणायचे, "बये, तू त्याला बोलायला शिकव, नाहीतर एक दिवस त्याच्या वतीने शिंकशील." ती हसायची.

मग हार्म्सबाईंनी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं आणि घर विकायला काढलं. जिना चढून स्वतः सांगायला आल्या. "पहिला हक्क तुमचा. तुम्ही नाही घेतलं तर कुणाला तरी विकावं लागेल, आणि घेणारा स्वतः राहायला आला तर तुम्हाला उठावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण माझा इलाज नाही."

बँक म्हणाली, दोघांच्या पगारावर कर्ज देऊ, एकटीच्या नाही. झालं! सगळं येऊन गेथिनवर अडलं. आणि गेथिनचा एकच शब्द. बघू.

"व्याज वाढलं तर? बघू. मला दुसरीकडे नोकरी मिळाली तर? बघू," एरिनी माझ्या दुकानात बसून त्याची नक्कल करायची, पण डोळे भरलेले असायचे. "रेमेदिओस, दुसरीकडे भाड्याने राहायलाही मी कुठे नाही म्हणतेय? त्याने सरळ सांगावं. मला घर हवंय की तो हवाय, हे मला निवडायला लावतोय तो, आणि लावतोय हेसुद्धा कबूल करत नाही."

"मग विचार ना त्याला, राहणारेस की नाही म्हणून."

"नाही म्हणाला तर?"

मी हातातल्या पॅंटची शिवण उसवत बसले.

एका रविवारी ती जिन्यावरून धावतच खाली आली. तो हो म्हणाला होता! मला कडकडून मिठी मारली. त्याच संध्याकाळी रंगाच्या दुकानातून भिंतीसाठी फिकट पिवळ्याचे नमुने आणले आणि कुणालाही न विचारता चार खिळे ठोकले. वरून ठोकल्याचा आवाज येत होता आणि मी खाली एकटीच हसत होते.

नोटरीकडे ती मलाही घेऊन गेली, सोबतीला. हार्म्सबाई ठेवणीतली टोपी घालून आल्या होत्या. इथे घराचा करार नोटरीने अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, एक शब्द गाळायचा नाही. ऐकणाऱ्यांच्या माना पेंगतात, पण कायदा म्हणजे कायदा. नोटरीबाईंनी चष्मा लावला आणि गेथिनला विचारलं, "आपल्याला जर्मन समजतं ना?"

"हो, हो," गेथिन म्हणाला. जर्मनमध्ये. सहा वर्षांत सगळीकडे हेच म्हणत आला होता आणि चालून गेलं होतं.

"छान. आपला जन्म कुठला?"

"हो, हो."

नोटरीबाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्याला कळत नाही त्याला मी हे वाचून दाखवू शकत नाही."

"मी त्याला सगळं समजावलंय!" एरिनी म्हणाली.

"बाई, तुम्ही खरेदीदार आहात. दुभाषी म्हणून तुम्ही नाही चालणार. दुसरं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तरुणपणी लंडनच्या हॉटेलात खोल्या आवरल्यात, इंग्रजी जिभेवर आहे. मला रीतसर शपथ दिली आणि वाचन सुरू झालं. एक वाक्य त्यांचं, एक माझं.

आत्तापर्यंत हा पोरगा माना डोलवत आला होता. त्याच्या भाषेत त्याला हे कुणी बसवून ऐकवलंच नव्हतं. म्हणजे एरिनी सांगायची, पण तो ऐकायचा कुठे? आता पळायला जागा नव्हती. दोघे निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे मालक. एकाने दिलं नाही तर पूर्ण रक्कम दुसऱ्याकडून वसूल. मी बोलत होते आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मला दिसत होतं, पण शपथ घेतलेली, थांबते कशी?

मग सामानाचा मुद्दा आला. नोटरीबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरातलं सामान, ओटा-कपाटं, विक्रीत धरलेलं नाही. ते कुणाचं?"

हार्म्सबाई म्हणाल्या, "माझं नाही."

मी अर्थ सांगायच्या आत गेथिन बोलला. कसं कुणास ठाऊक, पण एवढं त्याला समजलं. स्वच्छ जर्मनमध्ये बोलला. "तिचं."

एरिनीने त्याच्याकडे पाहिलं. "आपलं," ती हळूच म्हणाली.

"तिचंच आहे," तो मला इंग्रजीत म्हणाला, तिला नाही, मला! "तिने घेतलं, तिने बसवलं. मी काहीच केलं नाही. रेमेदिओस, यांना सांग, मला सही करता येणार नाही. मला इथे म्हातारं व्हायचं नाहीये. मला वाटलं होतं, ओघाओघाने होईन तयार."

आणि हे मला जर्मनमध्ये सांगावं लागलं. एरिनीच्या समोर, माझ्या तोंडाने. तिला इंग्रजीत कळलं होतंच, पण तिने ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. मला त्या मेल्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. सहा वर्षं, आणि हे आत्ता सांगतोस? नोटरीबाईंनी कागद बंद केले. हार्म्सबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

जिना उतरताना एरिनीने त्याला एवढंच विचारलं, "मग रविवारी हो का म्हणालास?"

"तू रडत होतीस," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो गेला. सायकलचं खोकं त्याने उलगडलं, चिकटपट्टी मागायला माझ्याकडे आला. मी दिली. "तिच्याकडे लक्ष ठेव," म्हणाला. मी म्हटलं, "ते काम तुझं होतं." बिचारा खाली मान घालून उभा राहिला. दयाही आली, खोटं कशाला बोलू.

घर एका तरुण जोडप्याने घेतलं, स्वतः राहायला. मापं घ्यायला आले तेव्हा मी एरिनीसोबत वरच होते. त्या मुलीने पर्समधून टेप काढला आणि नवऱ्याने बोलता बोलता दुसरं टोक धरलं. तिने सांगितलंसुद्धा नव्हतं. एरिनी त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"ओटा काय सुंदर बसलाय हो!" ती मुलगी म्हणाली. "नेणार आहात?"

"नाही. तुम्हीच ठेवा."

"फुकट देऊ नकोस हं," मी तिच्या कानात पुटपुटले. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी भाव मीच ठरवला.

एरिनीने दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं. भाड्याने. सामान हलवून झालं आणि आठवड्याने मी टेप घेऊन गेले. दारातून आत आले तर तशीच कोरी भिंत, तशीच दोन नळकांडी, आणि जमिनीवर तीच दोन चकत्यांची शेगडी. ती त्याने मागे ठेवली होती वाटतं. तिच्यावर अंडी उकळत होती. कप खोक्यात.

"चल, ऊठ," मी म्हटलं. "धर हे टोक. इथली भिंत सरळ आहे, काम सोपं आहे."

ती हातसुद्धा न उचलता भिंतीकडे बघत बसली.

"बघू," म्हणाली.

मी टेप गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.